गप्प केलेलं यंत्र

हसा खुशाल. माझा साडूही हसायचा. हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करणारा माणूस, स्वतःच्या सावलीवरही संशय घेणारा. तो कसला भुताला घाबरतोय? पण हे सांगताना तो एकदाही हसला नाही, ते मी पाहिलंय.

फेब्रुवारीतला दुसरा गुरुवार. रात्रीचे अकरा वाजून दहा मिनिटं. स्कॅनच्या विभागातून फोन आला, मॉनिटर उगाच बोंबलतोय. हा पिशवी घेऊन गेला. पाच वर्षांची मुलगी जिन्यावरून डोक्यावर पडली होती. हलू नये म्हणून झोपेचं औषध देऊन तिला स्कॅनच्या यंत्रात सरकवलेलं. आई बाहेर बाकावर. डॉक्टरीणबाई, सिस्टर आणि हा, तिघं काचेच्या अलीकडे. मागच्या भिंतीवर इथल्या जुन्या सिस्टरचा हार घातलेला फोटो, हात जोडलेले, डाव्या हाताला एक बोट कमी.

साडूनं एक नजर टाकली आणि हसलाच. "अहो मॅडम, बोटाचा चिमटा आणि बीपीचा पट्टा एकाच हाताला! पट्टा फुगला की हाताचं रक्त अडतं आणि ऑक्सिजनचा आकडा खोटाच पडतो."

"आता मध्येच हात नको हलवायला," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटांचं काम राहिलंय."

म्हणून यानं मॉनिटरचा आवाज बंद केला. स्वतःच्या बोटानं.

थोड्या वेळानं आकडा उतरला. सत्त्याण्णव... एक्क्याण्णव.

"पट्टा," मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या.

साडूला खटकलं. पट्टा दर पाच मिनिटांनी फुगायचा, आणि आत्ताच तर फुगून गेला होता. त्यानं काचेतून पाहिलं. यंत्राच्या तोंडाशी एक वयस्क सिस्टर वाकलेली. दोन्ही हात आत, मुलीच्या डोक्याकडे. याच्या डोक्यात सणक गेली. हीच बया काहीतरी चाळे करतेय!

"ती तुमची सिस्टर आत काय करतेय?"

शेजारची सिस्टर म्हणाली, "काका, मी इथे आहे. आत कोणी नाही."

चौऱ्याऐंशी.

पट्टा सैल होता.

एकोणऐंशी...

"मॅडम, आकडा खरा आहे!"

मॅडम दाराकडे धावल्या. दार उघडलंही नव्हतं... आणि आकडा चढायला लागला. त्र्याऐंशी. नव्वद.

आत कोणीच नव्हतं. मॅडमनी मुलीला बाहेर ओढलं, ऑक्सिजन लावला आणि थबकल्या. "जीभ मागे पडून घसा बंद झाला असणार. पण हिची हनुवटी... कोणी वर उचलली?"

झोपेच्या औषधात मान अशी आपोआप राहत नाही. साडू तिथेच रडला. आवाज मीच बंद केला, म्हणत राहिला.

मुलगी वाचली. आईनं तिला जवळ घेतलं आणि विचारलं, "हिच्या जबड्याला हे पांढरं काय लागलंय?"

पावडर. हातमोज्यांना असायची ती. सिस्टर हळूच म्हणाली, "पावडरचे मोजे इथे येणं बंद होऊन दहा वर्षं झाली."

बोटांचे ठसे होते. उजवीकडे चार.

डावीकडे... तीनच.