छातीतला बेडूक

मुलांनो, डोळे मिटा आणि एक खिडकी डोळ्यांपुढे आणा. प्रयोगशाळेची, हातभर रुंद. खिडकीच्या अलीकडे रोपवाटिकेत काम करणारी एक तरुणी, नखांत माती, हातात झाकणाची डबी. शेजारी तिची सहा वर्षांची भाची. पलीकडे तपासनीस.

त्यानं डबी उजेडात धरली. "ही नुसती थुंकी आहे. मला बेडका हवाय."

"इश्श! पहिल्याच भेटीत असं मागतात?"

त्याचे कान लाल झाले. "उद्या सकाळी... खोल खोकून."

भाचीनं मात्र 'बेडूक' ऐकलं. मावशीच्या छातीत बेडूक आहे, हे तिनं शाळाभर सांगितलं.

पहिल्या तपासणीत क्षयासारखे जंतू दिसले आणि घर धास्तावलं. ताईनं, म्हणजे भाचीच्या आईनं, मावशीच्या खोलीच्या दारात खडूनं रेघ ओढली. आता मावशी आत, भाची बाहेर, आणि गोष्टीचं पुस्तक मधे. जंतू नेमका कोणता, हे तो प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीत वाढल्यावरच कळणार होतं.

मावशी दर आठवड्याला मास्क लावून प्रयोगशाळेच्या खिडकीशी जाई.

"वाढले?"

"नाही. फार आळशी आहेत."

"आणि तुम्ही?"

"मीही... तुम्ही येता म्हणून घाई करत नाही."

सहाव्या आठवड्यात डॉक्टरांच्या सहीचा अहवाल घेऊन तो स्वतःच घरी आला. रेघेबाहेर उभा राहिला.

"क्षय नाही. त्याचा चुलत भाऊ म्हणा. मातीत, पाण्यात राहतो, क्वचित कुणाच्या फुप्फुसात शिरतो. एकाचा दुसऱ्याला सहसा लागत नाही."

ताईनं पदर डोळ्यांना लावला.

"म्हणजे मी बरी होईन?" तिनं विचारलं.

"बहुतेक. पण दीड वर्ष तरी गोळ्या... आणि तो चिवट असतो. परत येऊही शकतो."

तिनं मान खाली घातली. "मग तुम्ही माझी वाट बघू नका."

"सहा-सहा आठवडे एका नळीकडे बघत बसणारा माणूस मी. वाट बघणं हेच माझं काम आहे... तुमची बघू?"

तिला खोकल्याची उबळ आली. खोकता खोकताच तिनं मान हलवली— हो.

तेवढ्यात भाचीनं पायानं रेघ पुसली, आत धावली आणि मावशीच्या छातीला कान लावला. बराच वेळ ऐकलं. मग येऊन त्याची बाही धरली.

"शू... झोपलाय. काका, आत या. पण हळू."