पाणी पडलं का?

माझी गाडी नऊ सीटची. पूर्वी पांढरी होती, आता मळकट म्हणा. आठवड्यातून एकदा आमच्या दोब्रुजा भागातून निघायचं, सिलिस्त्राला फेरीबोटीवर चढून डॅन्यूब नदी ओलांडायची, रोमानिया आडवा कापायचा आणि अंधाराच्या आत मोल्दोव्हात. माणसं कमी, बोचकी जास्त. सत्तावीस वर्षं हेच करतोय. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण ह्या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा मला पाठ आहे.

नेव्याना ही माझी सप्टेंबरची सवारी. तिकडे ताराक्लियाला आपलीच माणसं आहेत, दोनशे वर्षांपूर्वी गेलेली. त्यांच्या पोरांना आपली भाषा शिकवायला इथून मास्तर जातात, तशी ती जायची. सहा वर्षं झाली होती. दर वर्षी म्हणायची, "गेंचोकाका, हे शेवटचं वर्ष."

मी म्हणायचो, "माझ्या दारूचंही शेवटचंच वर्ष आहे, पोरी."

तिची आई त्सोना. त्र्याऐंशीची. नवरा कधीच गेलेला, पोरगी एकुलती एक. आमच्यात कुणी लांब निघालं की घरातलं माणूस मागून रस्त्यावर पाणी ओततं. पाणी कसं, कुठं अडत नाही; तसं जाणाऱ्याचं काही अडू नये. आणि जाणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही. त्सोनाची तांब्याची बादली होती, त्यात जिरेनियमची एक डहाळी टाकायची आणि असं फेकायची की माझी मागची काच धुऊन निघायची. मी म्हणायचो, "म्हातारे, साबण पण टाकत जा."

त्या वर्षी चार महिने पाऊस नव्हता. सूर्यफुलं उभ्या उभ्या काळी पडली होती. त्सोना हिवाळ्यात पडली होती, तेव्हापासून काठी. घरातून फाटकापर्यंत यायला तिला पाच मिनिटं लागायची. नेव्यानाचा पाय निघत नव्हता.

"आई, यंदा राहते मी."

"राहून काय माझं तोंड बघत बसणार? पोरं वाट बघतायत तिकडं. ऊठ."

मग बरण्या. भाजलेल्या मिरच्यांची चटणी, आलुबुखाराचा मुरंबा, अक्रोड. नेव्याना बरणी खाली ठेवायची, म्हातारी परत पिशवीत घालायची. साडेअकराची फेरीबोट चुकणार म्हणून मी हॉर्न दिला.

"बोंबलू नकोस रे गेंचो!" त्सोना आतून ओरडली. "कुणाला पुरायला निघालायस एवढा? पाणी आणू दे."

नेव्याना पुढच्या सीटवर येऊन बसली; त्या दिवशी सवारी ती एकटीच, मागं नुसती बोचकी. मी आरशात बघत होतो. म्हातारी काठी टाकून, दोन्ही हातांनी बादली धरून फाटकातून आली. नवे काळे रबरी बूट होते पायांत, ऑगस्टच्या जत्रेत घेतलेले. दहा पावलं राहिली असतील. मला वाटलं, आपण हळूच निघू, तोवर ओतेल.

मी निघालो.

तिनं ओतलं नाही. बादली भरलेली, तशीच हातात. तोंड हलत होतं. मी ब्रेक दाबायला हवा होता. मी गिअर बदलला.

वळणावर नेव्यानानं विचारलं, "पाणी पडलं का, काका?"

"पडलं की," मी म्हटलं. "धो धो."

सिलिस्त्राच्या अलीकडे टायर फुटला. दहा दिवसांपूर्वीच घातलेला नवा टायर. खिळा नाही, काच नाही. जॅक लावायला खाली वाकलो तर चाकाखालची माती ओली. बोट घातलं तर चिखल. आजूबाजूला धूळ उडत होती. रेडिएटर बघितला, गळत नव्हता. बाटली सांडली असेल कुणाची, म्हणून सोडून दिलं.

गाडीत बसलो, आरसा नीट केला. रस्ता सरळ, चार-पाच किलोमीटर दिसणारा. त्याच्या पार टोकाला एक काळा ठिपका होता. खांब असेल.

फेरीबोट मिळाली, पण नदीच आटलेली. मधोमध बोट वाळूत रुतून बसली. तीन तास. लोक टरबूज कापून खायला लागले. एक रोमानियन ट्रकवाला मला म्हणाला, "तुमच्या गाडीला कुणाची तरी दृष्ट लागलीय, भाऊ. तुम्ही चढलात आणि बोट बसली."

"तुझं तोंड बघितलं नदीनं, म्हणून आटली," मी म्हटलं. सगळे हसले. नेव्याना हसली नाही. ती घरी फोन लावत होती.

"उचलत नाही."

"मिरच्या वाळत घालत असेल. तिला ऐकू तरी येतं का?"

"काका, खरंच पडलं ना पाणी?"

"किती वेळा विचारशील?"

बोट सुटली. चढावर आलो आणि आरशात बघितलं. ठिपका होता. आता तो खांब नव्हता. त्याला डोक्यावर रुमाल होता.

मी गाडी कडेला घेऊन उतरलो, स्वतःच्या डोळ्यांनी मागं बघितलं. रस्ता रिकामा. आत बसलो, आरशात बघितलं.

होता.

गिअर टाकला. नेव्यानानं सबंध रस्ताभर एकदाही मान वळवली नव्हती.

ब्राईलाच्या अलीकडच्या माळावर इंजीन तापलं. वाफ निघेल म्हणून फडकं घेऊन झाकण उघडलं, तर रेडिएटर काठोकाठ भरलेला आणि गार. विहिरीच्या पाण्यासारखा गार. वर एक पान तरंगत होतं, गोल, केसाळ. चुरगाळायची गरज नव्हती, वास येत होता. जिरेनियम.

पान मी खिशात घातलं.

सूर्य कलला होता तेव्हा गलात्सी ओलांडलं. मोल्दोव्हाची हद्द समोर दिसत होती, झेंडा, ट्रकांची रांग. आणि गाडी बंद पडली. खटखट नाही, धूर नाही. नुसती थांबली. चावी फिरवली, आवाजसुद्धा नाही.

मी आरशात बघितलं.

तारेचा एक खांब मागं. तेवढ्यावर ती होती. पुढं वाकलेली, दोन्ही हातांत बादली. जपून चालत होती. पाणी सांडू नये म्हणून चालतात तशी.

माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. म्हटलं, "नेव्याना, पोरी. मी खोटं बोललो."

"काय?"

"पाणी पडलं नाही. ती येत होती. मी थांबलो नाही."

ती शिव्या देईल असं वाटलं. तिनं पट्टा सोडला नाही, मान वळवली नाही. माझं तोंड बघितलं, मग आरसा बघितला. माझ्या बाजूला वळवलेला होता तो, तिला त्यात काही दिसण्यासारखं नव्हतं. तरी तिला कळलं.

"मग थांबा, काका," ती हळूच म्हणाली. "ओतू दे तिला."

तिनं हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले.

रबरी बुटांचा आवाज आला. फट, फट.

बादलीची कडी करकरली.

मी आरशात बघत नव्हतो. मी समोरचा झेंडा बघत होतो.

"आई," नेव्याना समोर बघूनच म्हणाली, "दमलीस गं."

मागच्या काचेवर सपकन पाणी बसलं.

गाडी आपोआप सुरू झाली. चावीला माझा हातही नव्हता.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. शेजारची गिंका होती. फोनमधलं रडणं मला पलीकडून ऐकू येत होतं. नेव्याना "हो" म्हणत होती, नुसतं "हो". मग फोन ठेवून मला म्हणाली, "वळवा गाडी."

पाणी पडल्यावर परत फिरू नये म्हणतात. मी वळवली. रस्त्यात टायर फुटला नाही, बोट रुतली नाही. ती रडली पण नाही. एकदाच बोलली, "मीच तिला म्हटलं नाही की आई, बस, तुझं पाणी नको, तू बस."

त्सोना फाटकाजवळ खुर्चीवर बसलेली सापडली होती. गिंका म्हणाली, आम्ही निघालो त्यानंतर पाचच मिनिटांनी तिनं म्हातारीला तसंच बसलेलं बघितलं होतं, वाटलं डुलकी लागली. संध्याकाळपर्यंत कुणी हलवलं नाही. बादली मांडीवर, रिकामी. फाटकापुढची माती कोरडी ठणठणीत.

बायकांनी तिला अंघोळ घातली तेव्हा गिंकानं मला परसात बोलावलं आणि बूट दाखवले. ते जत्रेतले. वरून नवेकोरे, चकाकणारे. तळवे झिजून आरपार गेलेले, आतून हात घातला तर माझी बोटं बाहेर आली.

"हे कसं रे?" गिंका म्हणाली.

मी बोटं बाहेर काढली आणि बूट खाली ठेवले.

चाळीस दिवस झाले, सहा महिने झाले, दर वेळी आमच्या रिवाजाप्रमाणे फाटकावर तिच्या फोटोचे मरणाचे कागद चिकटले आणि उन्हात फिके पडले. पुढच्या सप्टेंबरात नेव्याना पेटी घेऊन उभी. बरणी एकच होती ह्या खेपेला, गेल्या वर्षीची.

"शेवटचं वर्ष?" मी विचारलं.

"माहीत नाही, काका. इथं आता कोण आहे?"

ती पुढं बसली, समोर बघत. मी म्हटलं, थांब जरा. घरात गेलो, खुंटीवरची तांब्याची बादली काढली, नळाखाली भरली, खिडकीतल्या कुंडीतली डहाळी तोडून टाकली. आयुष्यात पहिल्यांदा कुणासाठी पाणी ओतणार होतो. ह्या वर्षीही पाऊस नव्हता, फाटकाबाहेर पाय टाकला की धूळ उडत होती.

गाडीच्या मागं गेलो.

रस्ता आधीच ओला होता.