रिकामी गव्हाणी

ही घटना खरी आहे. माझ्या स्वतःच्या घरात घडलेली.

हे वाक्य इथे प्रत्येकजण लिहितो, ठाऊक आहे मला. ह्या पेजवरच्या गोष्टी मी वाचतो. अमावस्येची रात्र, वडाचं झाड, पांढऱ्या साडीतली बाई, आणि गाडी नेमकी तिथेच बंद पडते. खाली दोनशे जण लिहितात, अंगावर काटा आला. मला हसू यायचं.

माझी गोष्ट अमावस्येची नाही. २७ नोव्हेंबर २०२२, रविवार, दुपारचे साडेचार. कोल्हापूर, नागाळा पार्क. बाहेर लख्ख ऊन होतं.

मी विश्वजित. मंगळवार पेठेत माझं डेकोरेशनचं काम आहे. गणपतीची आरास, लग्नाचं स्टेज, बारसं, डोहाळजेवण. लोकांच्या हौशीवर माझं घर चालतं आणि लोकांच्या हौशीचा मला मनापासून तिटकारा आहे.

त्यात इरावती मॅडम म्हणजे कहर.

मॅडमना नाताळ करायचा होता. घरात कुणी ख्रिश्चन नाही, शेजारी नाही. पाडव्याला ह्यांच्याकडे वीतभर प्लॅस्टिकची गुढी कुंडीत खोचलेली असते, पण नाताळची तयारी महिनाभर आधीपासून. कारण काय, तर रील. नाताळच्या आधीच्या चार रविवारी एकेक मेणबत्ती लावायची असते, ह्याला आगमनकाळ म्हणतात, असं त्यांनी मला मोबाईलमध्ये बघून ऐकवलं. पाठ झालेल्या धड्यासारखं.

मी मान डोलावली. आमच्या धंद्यात मान डोलवायचीच असते.

नागाळा पार्कातला बंगला त्यांनी वर्षापूर्वी घेतला होता. आधी तिथे एक म्हाताऱ्या नर्सबाई राहायच्या. त्या वारल्या, पुतण्याने घर विकलं. माळ्यावर बाईंची पत्र्याची पेटी तशीच राहिली होती. तिच्यात एक कागदी तारा, चार मेणबत्त्यांचं लाकडी कडं, आणि बुटाच्या खोक्याएवढी लाकडी गव्हाणी, येशूजन्माच्या देखाव्यातली. शिवाय मऊ पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं मातीचं बाळ. तळहातावर मावेल एवढं.

मॅडम हरखल्या. "दादा, किती व्हिंटेज आहे हे."

त्या रविवारी मी कापसाचा बर्फ पसरला. कोल्हापुरात बर्फ, आणि वर पंखा चालू. तारा टांगला, झाड उभं केलं, गव्हाणीत गवत घातलं. मग बाळाचं फडकं सोडलं.

बागेत काम करणारे आण्णा खिडकीशी उभे होते. गडमुडशिंगीहून सायकलवर यायचे. नर्सबाईंच्या वेळेपासून तेच माळी.

"पावणं, बाळ आत्ता न्हाय ठिवायचं," आण्णा म्हणाले. "चोवीसला सांजचं ठिवत्यात. तवर गव्हाणी मोकळीच ऱ्हाती."

मला हसू आवरेना. वीस वर्षं मी गणपतीची आरास करतोय. आमच्याकडे आधी देव मखरात येतो, मग दिव्यांची बटणं दाबतात. ज्याच्यासाठी आरास केली तोच नाही, असं कुठं असतं का? म्हाताऱ्याला काय कळतंय, असं मनात म्हणत मी बाळ गवतावर ठेवलं.

दहा मिनिटांत फोन वाजला.

माझी बायको, स्वप्नाली. पोटात कळ येतेय म्हणाली.

तिला आठवा महिना नुकताच लागला होता. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि हे पहिलं मूल. इतक्या वर्षांत डॉक्टर झाले, जोतिबाला चालत जाऊन झालं, पाहुण्यांचे सल्ले ऐकून झाले. तेव्हा कळ म्हटल्यावर मी काम टाकून घरी धावायला हवं होतं. पण मी काय बोललो? "पडून राहा. उगाच लाड करून घेऊ नकोस."

रात्री घरी गेलो तर कळा थांबल्या होत्या. झालं, लाडच होते ते, असं मी ठरवून टाकलं.

सोमवारी मॅडमचा फोन. गव्हाणीतलं बाळ नाही.

मंगळवारी दुपारी गेलो. बाळ पत्र्याच्या पेटीत होतं. फडक्यात नीट गुंडाळलेलं, चारही टोकं आत दुमडलेली. आण्णांचंच काम, दुसरं कोण? मी त्यांच्याकडे रागाने बघितलं, ते झाडांना पाणी घालत राहिले.

बाळ पुन्हा गव्हाणीत ठेवलं आणि ताऱ्याची वायर बदलायला शिडीवर चढलो.

मॅडम वरच्या खोलीत कॅमेऱ्याशी गप्पा मारत होत्या. खिडकीतून आण्णा दिसत होते, हातात पाण्याचा पाइप. हॉलमध्ये मी एकटा.

पाठीमागे आवाज आला…

चुक… चुक… चुक…

रबरी तळाच्या चपला फरशीवर वाजतात तसा. मग कडक इस्त्रीच्या कापडाची सळसळ. आणि डेटॉलचा वास…

मी वळलो.

कुणी नव्हतं.

गव्हाणीत बाळही नव्हतं. गवत मधोमध दबलेलं होतं, आत्ता कुणी उचलून न्यावं तसं.

बाळ पेटीत होतं. गुंडाळलेलं. चारही टोकं आत.

आण्णा अजून खिडकीपलीकडे, पाइप धरून.

तेवढ्यात फोन. स्वप्नाली म्हणाली, मघाशी परत कळ आली होती, आत्ताच थांबली. तुम्हाला सांगावं म्हणून केला.

तुम्ही म्हणाल, इथं ह्याला कळायला हवं होतं. शहाणेच आहात. मातीच्या बाहुलीचा आणि बायकोच्या पोटाचा संबंध कोण लावेल? मला भीती वाटली नाही. मला राग आला. माझ्या आरासीला मला न विचारता हात लावलेला मी कुणाचा खपवून घेत नाही.

गुरुवारी, एक डिसेंबरला, मी ग्लू गन घेऊन गेलो.

गव्हाणीच्या तळाला गरम ग्लूचा जाड थर दिला आणि बाळ दाबून बसवलं. थंड होईपर्यंत अंगठा काढला नाही. थर्माकोलचा हत्ती चिकटतो त्याने, वाऱ्यात हलत नाही. म्हटलं, बघू आता कोण उचलतंय.

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. आण्णा दारातच थांबले. नुसती मान हलवली.

सहा वाजता शेजारणीचा फोन आला. स्वप्नालीला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं.

मी पोहोचलो तेव्हा ती आत होती. कॉरिडॉरमध्ये तिचं ओरडणं ऐकू येत होतं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि सरळ म्हणाल्या, इंजेक्शनं दिलीत पण कळा थांबत नाहीत. इतक्या लवकर मूल झालं तर त्याची फुप्फुसं तयार नसतील. प्रयत्न करू, शब्द देत नाही.

नऊ वर्षं. आणि मी तिला लाड म्हणालो होतो.

बाकावर बसलो. हाताला ग्लूचा वास येत होता.

मग तो आवाज…

चुक… चुक… चुक…

कॉरिडॉरच्या टोकाकडून एक म्हातारी नर्स आली. पांढरी साडी, कडक इस्त्रीची. हसा, खुशाल हसा. मीही हसलो असतो.

ती माझ्यासमोर थांबली. डोळे थकलेले, पण नजर शाळेतल्या बाईंची. माझ्याकडे असं बघितलं की माझी मान खाली गेली.

"चिकटवतोस व्हय रं?" ती म्हणाली. "दिस भरलं न्हाईत अजून. आता हात लावू नगंस."

आणि आत गेली.

मी खुळ्यासारखा बसून राहिलो. तिचे शब्द डोक्यात शिरायला वेळ लागला. शिरले तेव्हा आतलं ओरडणं थांबलेलं होतं.

पाऊण तासाने डॉक्टरीणबाई आल्या. कळा बसल्या होत्या, मूल ठीक होतं. त्या इंजेक्शनचा गुण म्हणाल्या. असेलही.

मी आत गेलो. स्वप्नाली घामाने भिजली होती, पण शांत होती. त्या म्हाताऱ्या सिस्टरनी पोटावरून हात फिरवला आणि सगळं सैल झालं, असं म्हणाली. "त्यांच्या बोटाला काहीतरी चिकट होतं हो. इथं लागलंय बघा."

तिच्या गाऊनवर पोटापाशी पांढरट चिकट धागे लागले होते. बारीक, लांब.

ते मी ओळखले. वीस वर्षं माझ्या बोटांना तेच लागतात. गरम ग्लू ओढला की असे धागे सुटतात.

दवाखान्यातल्या सगळ्या नर्सा निळ्या कपड्यात होत्या. म्हातारी तर एकही नव्हती. मी चौकशी केली तेव्हा काउंटरवरची मुलगी मी दारू प्यायलोय अशा नजरेने माझ्याकडे बघत होती.

सकाळी मी बंगल्यावर गेलो. गव्हाणी रिकामी. तळाची लाकडाची ढलपी ग्लूसकट उपटून निघाली होती. बाळ पेटीत, फडक्यात, चारही टोकं आत.

आण्णांना मी त्या बाईचं वर्णन सांगितलं. त्यांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"एस्तेर सिस्टर," ते म्हणाले. "चाळीस वर्सं बाळंतपणं केली त्यांनी. दिस भरायच्या आधी बाळाला घाई केलेली त्यास्नी कधी खपली न्हाय. ना वार्डात, ना गव्हाणीत."

त्या दिवशी मी एक काम केलं. मातीचं बाळ खिशात घातलं, घरी आणलं आणि माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवलं. चोरीच म्हणा.

मॅडमनी आकांत केला. बाळाशिवाय व्हिडिओला काय अर्थ आहे, म्हणाल्या. चोवीसशिवाय बाळ मिळणार नाही, असं मी ठणकावलं. तेव्हा त्यांनी काय करावं? गव्हाणीत कापडी सांताक्लॉज झोपवला. दाढीसकट. आणि ते लोकांना आवडलं. ह्या लोकांबद्दल मी आणखी काय बोलू?

तो सांता मात्र कुणी उचलला नाही.

दिवस सरकत होते. स्वप्नालीला एकही कळ आली नाही. रोज सकाळी मी कपाट उघडून बाळ बघायचो आणि पुन्हा कुलूप घालायचो. मी ठरवलं होतं, चोवीसलाही हे बाहेर काढायचं नाही. स्वप्नालीची तारीख जानेवारीच्या शेवटची होती. तोपर्यंत एस्तेर सिस्टर असोत नाहीतर कुणी, गव्हाणी रिकामीच राहील.

चोवीस डिसेंबर. मी कामाला गेलो नाही. कपाटाला पाठ लावून बसलो.

संध्याकाळी साडेसहाला मॅडमचा फोन. खूप खूश होत्या.

"थँक्यू दादा. कधी येऊन ठेवलंत? गवतसुद्धा नवीन घातलंत. किती गोड दिसतंय बाळ."

किल्ली माझ्या खिशात होती.

मी कुलूप उघडलं…

आत नुसतं फडकं होतं. घडी घातलेलं. चारही टोकं आत.

आणि आतल्या खोलीतून स्वप्नालीने हाक मारली.

त्याच रात्री मुलगी झाली. दोन किलो तीनशे. जन्मली तशी टाहो फोडून रडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक तारखेला झाली असती तर हातात काही लागलं नसतं. हे तीन आठवडे मिळाले म्हणून पोरगी जगली.

तिचं नाव अनुजा.

सहा जानेवारीला मॅडमनी आरास उतरवायला बोलावलं. त्यांना आता संक्रांतीची थीम हवी होती. ती जुनी लाकडं टाकून द्या, म्हणाल्या. मी गव्हाणी दोन्ही हातांत धरून, टेम्पोत मांडीवर घेऊन घरी आणली. बाळ आतच होतं. ते उचलायची माझी हिंमत झाली नाही. आत ठेवलं की काय होतं ते मी बघितलं होतं. बाहेर काढलं की काय होईल, ते मला बघायचं नव्हतं.

तेव्हापासून ती आमच्या हॉलमध्ये आहे. गिऱ्हाइकं हसतात, जूनमध्ये नाताळ काय म्हणून. हसू देत.

पण गोष्ट इथं संपली असती तर मी लिहिलीच नसती.

पुढच्या वर्षी, तीन डिसेंबरला, आगमनकाळाचा पहिला रविवार होता. सकाळी उठलो…

गव्हाणी रिकामी.

हॉलमध्ये डेटॉलचा वास होता. मी धावत आत गेलो. अनुजा पाळण्यात होती, श्वास चालू होता. दुपटं तिच्याभोवती घट्ट गुंडाळलेलं, चारही टोकं आत. स्वप्नाली तसं गुंडाळत नाही. मीही नाही.

चोवीसच्या संध्याकाळपर्यंत मी पाळण्याशेजारी खुर्चीत बसून झोपलो. काही झालं नाही. साडेसहाला बघितलं तर मातीचं बाळ जागेवर होतं, नव्या गवतावर.

गेल्या वर्षीही असंच झालं.

स्वप्नाली घाबरत नाही. सिस्टर पोरीला बघून जातात, असं म्हणते. मी ते मानायचा प्रयत्न करतो. पण एक गोष्ट मला सुटत नाही. राखण करायची तर ते मातीचं बाळ का नेतात? मला वाटतं, सिस्टर आपण दिलेली पोर दर वर्षी उचलून बघतात, आणि पुन्हा ठेवायची की नाही ते दर वर्षी नव्याने ठरवतात. माझ्यासारख्या माणसाच्या घरात ठेवायची की नाही.

आज शुक्रवार, २८ नोव्हेंबर. परवा पहिला रविवार.

अनुजा माझ्या मांडीवर झोपली आहे. स्वप्नाली दोनदा सांगून गेली, ठेवा तिला खाली, पाय अवघडतील.

मी ठेवत नाहीये.