फ्यूजच्या डबीतली तार

"आज संध्याकाळी व्यापारी संघाची बैठक आहे. माझा गाळा काढून घेणार म्हणतायत," फिटर मुलगी म्हणाली. गाड्यांमध्ये स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवायचं दुकान तिने वर्षापूर्वीच टाकलं होतं. रडायचं नाही असं ठरवून आली असावी, पण आवाजाने दगा दिला.

भावोजींनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. दहा वाजून पाच. खासगी तपास करणाऱ्या वहिनींच्या हाताखाली ते निवृत्तीनंतर आले होते. डोकं वहिनींचं, वेळ भावोजींची, अशी कामाची वाटणी होती.

"काय झालं ते सरळ सांग," वहिनी म्हणाल्या.

काल संध्याकाळी पाच वाजता डान्सच्या मॅडमच्या गाडीतून धूर निघाला. त्या गाडीत स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर हिनेच रविवारी बसवले होते. मागच्या बाजूला अ‍ॅम्प्लिफायरला वीज नेणारी लाल तार जळून तुटली. गल्लीतली मुलं जवळच खेळत होती. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. बॉनेट उघडलं, तर फ्यूजच्या डबीत फ्यूजऐवजी तांब्याची तार. सगळ्यांनी खापर फिटरच्या डोक्यावर फोडलं.

"आणि तू काय घातलं होतंस?"

"फ्यूज. बॅटरीपासून वीतभर अंतरावर. मी आधी बॅटरीची वजा तार काढते आणि काम संपल्यावर शेवटी जोडते. बॅटरी काढली की गाडीचं घड्याळ बारावर जातं, म्हणून तेही जुळवून देते. रविवारी दिलंच होतं."

गाडी मॅडमच्या दारात उभी होती. भावोजींनी आत बसून किल्ली फिरवली आणि ते अस्वस्थ झाले. "अकरा दहा झालेत, आणि इथे तीन चाळीस."

ते घड्याळ जुळवायला निघाले, तेवढ्यात वहिनींनी त्यांचा हात धरला. "असू दे तसंच."

समोरच्या सीटकव्हरवाल्याला फिटरचा गाळा हवा होता, आणि तो हे लपवतही नव्हता. "गाडी दुपारभर माझ्या दुकानाच्या सावलीत असते. पण मी दहाला उघडतो, सहाला कुलूप लावून बस पकडतो. लोकांच्या बॉनेटमध्ये डोकं घालायला वेळ कुणाला आहे?"

मॅडम दमलेल्या होत्या. "सकाळ-संध्याकाळ सात ते नऊ क्लास. वीस मुलं असतात, पाणी प्यायलाही उसंत नाही."

त्यांचे यजमान मात्र उत्साही होते. "क्लास चालू असतो तेव्हा मी गाडी पुसतो. मागची ही बुटांची पेटी मीच बसवली सोमवारी. चार स्क्रू, हत्ती बसला तरी हलणार नाही."

वहिनींनी गालिचा उचलला. जळका डाग पेटीच्या एका कोपऱ्याखालीच होता.

"आणि बॉनेट?"

"त्या भानगडीत मी पडत नाही."

वहिनींनी सगळ्यांना गाडीपाशी बोलावलं. "भावोजी, घड्याळ बारापासून सुरू झालं आणि अकरा दहाला तीन चाळीस दाखवत होतं. मग बॅटरी कधी जोडली?"

भावोजींनी बोटांवर हिशेब केला. "साडेसातला. पण कालच्या धुराच्या गडबडीत कुणी काढली असेल."

"धूर पाचला निघाला. तेव्हा काढली असती, तर घड्याळात सहाच्या आसपासची वेळ दिसली असती. साडेसात सकाळचे असोत की रात्रीचे, सीटकव्हरच्या दुकानाला कुलूप असतं आणि मॅडम वीस मुलांसमोर असतात. गाडीपाशी असतं कोण?"

यजमानांनी मान खाली घातली. "फ्यूज तीनदा उडाला. मला वाटलं, फ्यूजच फुसका आहे. म्हणून तार घातली."

"फुसका नव्हता, शहाणा होता. तुमच्या पेटीचा एक स्क्रू लाल तारेत घुसलाय. बूट भरले, पेटी दबली की तार पत्र्याला भिडायची. फ्यूज तीनदा मरून तुम्हाला तेच सांगत होता."

"काल धूर पाहिला आणि माझं धाबं दणाणलं. बायकोसमोर तोंड उघडवेना."

"तिथे मुलं होती," मॅडम एवढंच म्हणाल्या.

यजमानांनी तिथेच व्यापारी संघाच्या अध्यक्षांना फोन लावला. "चूक माझी आहे. संध्याकाळी येऊन सगळ्यांसमोर सांगतो. मुलीच्या गाळ्याला हात लावू नका." पलीकडचं बोलणं ऐकून त्यांनी फिटरकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

तिने डोळे पुसले, नवी तार आणली आणि पाना यजमानांच्या हातात दिला. "या, तुम्हीच करा. आधी काय काढायचं?"

"वजा तार."

"तेवढं बरोबर केलं होतंत. म्हणूनच सापडलात."

स्क्रू निघाला, तार बदलली, डबीत फ्यूज बसला. शेवटी वजा तार जोडली आणि गाडीत बारा वाजले. मुलगी भावोजींकडे वळली.

"काका, बरोबर वेळ सांगता?"

भावोजी सकाळपासून याच प्रश्नासाठी थांबले होते. त्यांनी बाही सावकाश वर केली. "एक वाजून बावीस. बैठकीला अजून बराच वेळ आहे, बाळ. जा, दुकान उघड."