पोकळ पोटाचा मासा

वर्ष सरायला आठ दिवस उरले, की पिवळ्या मातीच्या त्या खोऱ्यात सगळ्या बायकांचे हात खळीने चिकट झालेले असत. खिडकीचा धुरकटलेला कागद फाडायचा, नवा पांढरा लावायचा, आणि त्यावर लाल कागदाची फुलं डकवायची. कोंबडे, डाळिंबं, कमळात खेळणारे मासे. मासे कापावेत ते सुईलाननेच. चाळीस वर्षं ती कापत होती, कागदावर रेघही न मारता, थेट कात्रीने.

त्या दुपारी तिची विहीण, फंगांची म्हातारी, टोपलीभर सुकी बोरं घेऊन आली आणि जोडे न काढताच, खालून चुलीच्या धगीने तापलेल्या झोपायच्या ओट्यावर चढून बसली.

"विहीणबाई, तुमच्या हाताला वाळवी लागली का हो? तीन वर्षं तुमचे मासे सुनेच्या खिडकीला लावतेय. मूल राहू दे, साधं बेडकाचं पिल्लू नाही."

"मासा खिडकीवर असतो. बाकीचं काम तुमच्या लेकाचं."

"माझ्या छुआनशंगचं नाव नाही काढायचं! हा शेवटचा मासा. वसंतातल्या थडगी झाडायच्या सणापर्यंत पान्दीची कूस उजवली तर ठीक. नाहीतर बोचकं बांधून तुमच्या दारात आणून सोडते. दुसरी बघून ठेवलीय मी."

सुईलानच्या अंगाचा तिळपापड झाला. छुआनशंगला पंधराव्या वर्षी गालगुंड झालं होतं, ते खाली उतरलं होतं, महिनाभर पोरगा पाय फाकवून चालत होता. म्हातारीला हे ठाऊक होतं, शेजारपाजारच्यांना ठाऊक होतं. सुईलानला तेवढं लेकीचं लग्न झाल्यावर कळलं. आणि आता बोट पान्दीकडे. पान्दी म्हणजे भावाची वाट बघणारी. ते नावही एका सासूनेच ठेवलेलं, सुईलानच्या. भाऊ काही आला नाही. नवरा जाऊनही बारा वर्षं झाली. नाव तेवढं पोरीला चिकटून राहिलं.

तिने कात्री उचलली. दोन लाल कागद एकावर एक ठेवून कागदाच्याच पिळलेल्या वळीने टाचले. नेहमी दोनच कापायची ती. एक मागणाऱ्याला, एक नमुना म्हणून घरी. शेपूट, खवले, मिटलेलं तोंड. माशाच्या पोटात गाभोळी म्हणून बारीक चंद्रकोरी कापायच्या असतात. त्या तिने कापल्या नाहीत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा पोट सपाट, लाल, बंद ठेवलं.

"घ्या. लावा."

म्हातारीने धड पाहिलंही नाही. दुसरा कागद सुईलानने ओट्यावरच्या लोकरी सतरंजीखाली सारला.

नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी लेकी माहेरी येतात. पान्दी आली, गालफडं बसलेली.

"आई, मासा सासूबाईंनी स्वतःच्याच खिडकीला लावला. म्हणाल्या, तुझ्या खिडकीत मासे मरतात."

"लावू दे. पोकळच आहे तो, गाभोळीशिवायचा."

"पोकळ कुठला? सात चंद्रकोरी आहेत पोटात. सकाळी त्यांच्यातून उजेड पडतो, सासूबाईंच्या रजईवर."

सुईलानने सतरंजी उचलली. नमुन्याच्या पोटात सात चंद्रकोरी होत्या. कडा स्वच्छ, तिच्याच कात्रीच्या वळणाच्या. कातरण मात्र कुठेच नव्हतं.

"आणि हसू नकोस हं आई. त्यांना आंबट लागतंय. आंबवलेल्या कोबीचं पाणी तांब्या-तांब्या पितात."

सुईलान हसलीच. "एकसष्टाव्या वर्षी डोहाळे! आंबट मागितलं म्हणजे मुलगाच हो. विचार त्यांना, बाळाला महिना भरल्याचं जेवण कधी घालताय."

पान्दी हसली नाही.

मग रोज सकाळी सुईलान सतरंजी उचलून बघू लागली. अकरा. एकोणीस. सव्वीस. खाली फंगांच्या घरून निरोप आला, म्हातारी घराबाहेर पडत नाही. ऊन तापलं तरी मेंढीच्या कातड्याचा कोट अंगावर, आणि त्याच्या गुंड्या लागत नाहीत. कागद चुलीत टाकता आला असता. सुईलानने टाकला नाही.

"भर," ती त्या माशाला म्हणायची. "माझ्या लेकीला वांझ म्हणाली ना? भर."

सणाला चार दिवस राहिले तेव्हा, भर दुपारी, म्हातारी गाढवावर बसून आली. दोरी पान्दीच्या हातात. या वेळी म्हातारीने जोडे काढले.

"बंद करा, विहीणबाई. आत हलतंय. हातपाय नाहीत त्याला. नुसतं वळतंय."

तिने रुमाल सोडला. आत ओल्या, लाल चंद्रकोरींचा लहानसा ढीग होता.

"रोज सकाळी खोकल्यातून येतात."

सुईलानचा राग तरी उतरेना. "आधी गावच्या जात्यावर चला. तिथे बायका असतील. खोट कुणात आहे ते त्यांच्यासमोर बोला."

मोठ्या दगडी जात्याभोवती सात-आठ जणी होत्या. म्हातारी कोट आवळून उभी राहिली. "खोट माझ्या छुआनशंगमध्ये आहे. मला ठाऊक होतं." जात्याचं गाढव तेवढं फिरत राहिलं.

घरी येऊन सुईलान नमुना आणि रुमाल पुढ्यात घेऊन बसली. एवढ्याशा तुकड्यांना खळ चालत नाही, कागद सुरकुततो. जिभेच्या टोकावर ठेवून भिजवायचे आणि चिकटवायचे, लहानपणापासूनची सवय. एकेक चंद्रकोर जिभेवर, मग कागदावर. कड कडेला बिनचूक बसत होती. ऊन कलेपर्यंत म्हातारीच्या गुंड्या लागल्या. ती मागे न बघता चालत गेली, गाढवाची दोरी ओढत.

"मी नाही जायची परत," पान्दी म्हणाली.

"कोण पाठवतंय तुला?"

भोकं चौतीस होती. तेहतीस बुजली.

रुमाल झटकला. सतरंजी झटकली. शेवटची कोर आपण जिभेवर ठेवली होती, असं सुईलानला पुसटसं वाटलं.

"उंदराने नेली असेल," ती म्हणाली आणि नमुना परत सतरंजीखाली सारला.

सण झाला. पान्दीच्या गालांवर रंग आला. एका दुपारी ती पीठ मळत होती. मळता मळता थांबली.

"आई."

"काय गं?"

"कितवा तांब्या तो?"

सुईलानने हाताकडे पाहिलं. कोबीच्या रांजणावरचं झाकण बाजूला पडलं होतं. हनुवटीवरून आंबट पाणी ओघळत होतं.

सतरंजी उचलून बघायला दोघींपैकी कुणीच हललं नाही.