दादाने पाय काढला होता

"सरका! बाजूला सरका!"

मी ओरडले तेव्हा तो खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता, आणि त्याच्या पाठीमागे ट्रकच्या फळीवरून एक जुनी गाडी सुटली होती. उतरवताना साखळी तुटली होती. इंजिन बंद असल्यामुळे गाडीला आवाज नव्हता, म्हणून त्याला काही कळलंच नाही. मी धावले, त्याची कॉलर धरून ओढली आणि आम्ही दोघं आमच्या गॅरेजच्या दारात धाडकन पडलो. गाडी आमच्या पायांपासून वीतभर अंतरावरून गेली आणि जुन्या टायरांच्या ढिगात तोंड खुपसून थांबली.

माझ्या हाताखाली त्याच्या छातीची धडधड जाणवत होती... की ती माझीच होती?

"माझा चष्मा..." तो म्हणाला.

"माझ्या कोपराखाली आहे. एक काच गेली."

"जाऊ द्या. मी चष्मेच बनवतो." त्याने चष्मा चढवला, एक डोळा मिटला आणि उरलेल्या काचेतून माझ्याकडे बघितलं. "अर्धंच दिसतंय. पण जे दिसतंय ते... बरं आहे."

"मरता मरता वाचलात हो तुम्ही!"

"म्हणूनच खरं बोलतोय."

त्याला खरं तर पुढच्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये जायचं होतं. ते बंद होऊन तीन महिने झाले होते, हे त्याला ठाऊक नव्हतं. ट्रकवाल्याला पुढे वळायला जागा नव्हती, म्हणून त्याने गाडी आमच्या दारातच उतरवायला घेतली होती. मी उठून कपडे झटकले आणि गाडीकडे बघतच राहिले. बुटकी, दोनच माणसांची, कधीकाळी निळी असावी. डावी बाजू चेपलेली. मागे धातूच्या अक्षरांत 'टर्बो' लिहिलेलं, त्यातलं शेवटचं अक्षर गळून पडलेलं.

"नीट करायची आहे," तो म्हणाला. "पूर्वीसारखी. जमलं तर पूर्वीपेक्षा चांगली."

तेवढ्यात बाबा आतून हात पुसत आले. त्यांनी गाडी पाहिली. त्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"ही गाडी आपण घ्यायची नाही," ते म्हणाले.

"का?"

"नाही म्हणजे नाही." आणि ते वळून वर, घरात निघून गेले. आमचं घर गॅरेजच्या वरच होतं. जिन्यावर त्यांची पावलं अडखळल्याचं मला ऐकू आलं.

बाबांनी आजवर कुठल्याही गाडीला नाही म्हटलं नव्हतं. तरीही मी गाडी दुरुस्तीला घेतली. असलं इंजिन हाताखाली यायला नशीब लागतं, असं मी स्वतःला सांगितलं. फुटक्या चष्म्याचा काही संबंध नव्हता. मुळीच नव्हता.

तो दर रविवारी येऊ लागला. त्या दिवशी त्याचं चष्म्याचं दुकान बंद असायचं, आणि त्याला नुसतं बसवत नसे. मग मी त्याला रॉकेलचा डबा आणि ब्रश दिला. चष्म्याच्या बारीक स्क्रूंची सवय असलेली त्याची बोटं गंजलेले नट इतक्या हळुवार साफ करायची की मला हसू यायचं.

"अहो, बाळाला अंघोळ घालताय का?"

"तुम्ही मला 'अहो' म्हणायचं थांबवलंत तर जोरात घासेन."

मी थांबवलं.

एका रविवारी मी त्याला टर्बो समजावून सांगितला. धुराड्यातून वाया जाणारा गरम धूर एक चक्र फिरवतो, ते चक्र इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. "जुन्या टर्बोची गंमत अशी, की पाय दाबला तर आधी काहीच होत नाही. एक क्षण... दोन क्षण... आणि मग एकदम पाठीत धक्का!"

"ओळखीचं वाटतंय," तो नट घासत म्हणाला.

"काय?"

"मी दारात पडलो तेव्हा आधी काहीच झालं नव्हतं. घरी गेल्यावर..."

मी बॉनेटखाली डोकं घातलं. कान तापले होते.

गाडी त्याच्या दादाची होती, हे त्याने मग सांगितलं. आठ वर्षांपूर्वी डोंगराच्या उतारावर दादाच्या हातून ती वळण सोडून गेली. शेजारी आई बसली होती. आई गेली, दादाचा पाय गेला. तो स्वतः तेव्हा शिकायला परगावी होता.

"दादा सुरुवातीला म्हणायचा, मी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला होता, तरी गाडी थांबेना. कोणी विश्वास ठेवला नाही. वेग जास्त होता, एवढं लिहून प्रकरण मिटलं. इंजिन कोणी उघडूनसुद्धा पाहिलं नाही. वडील त्याच्याशी बोलेनासे झाले, आणि मग तेही गेले." तो थांबला. "हळूहळू दादाही म्हणायचा बंद झाला. आता त्यालाच वाटतं, की आपणच दाबला असेल. गाडी मात्र विकू देत नाही. रोज शेडमध्ये जाऊन तिच्याकडे बघत बसायचा. मला वाटलं, ती पुन्हा उभी राहिली तर कदाचित तोही..."

मी त्याच्या काळ्या झालेल्या हातावर माझा काळा हात ठेवला.

त्यानंतरच्या बुधवारी मी एकटीच काम करत होते. टर्बो उतरवला आणि सहज अ‍ॅक्सिलरेटरची केबल ओढून पाहिली. ती हलली नाही. जोर लावला, तेव्हा ती अर्धी सरकली आणि तिथेच अडकली. सोडली तरी मागे येईना. मी वरचं आवरण कापलं. आतलं प्लास्टिक उष्णतेने वितळून मेणासारखं तारेला घट्ट चिकटलं होतं.

दादाने पाय काढला होता.

टर्बो लालबुंद तापतो, म्हणून त्याच्या आणि केबलच्या मध्ये एक पत्रा असतो, उष्णता अडवायला. इथे पत्राच नव्हता. तो बसवायची दोन भोकं रिकामी होती. पण आजूबाजूचा प्रत्येक बोल्ट व्यवस्थित आवळलेला होता, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर रंगाचा एक हिरवा टिपका होता.

ते टिपके मी जगात कुठेही ओळखले असते. बाबा बोल्ट आवळला की त्यावर हिरवा टिपका देतात. एकही विसरू नये म्हणून. लहानपणी मी त्या टिपक्यांवरच आकडे मोजायला शिकले होते.

मी केबल घेऊन वर गेले. बाबा खिडकीशी बसले होते. माझ्या हाताकडे बघताच त्यांनी डोळे मिटले.

"त्याला मोठा टर्बो हवा होता," ते सावकाश म्हणाले. "जुना पत्रा त्यावर बसेना. नवा करायला दोन दिवस लागणार होते. त्याला गाडी त्याच दिवशी हवी होती, आईला फिरवायला. मी म्हटलं, ने, दोन दिवसांनी आण, एक पत्रा राहिलाय. एवढंच म्हटलं. हळू चालव, धोका आहे, हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने गाडी नेली नसती."

"अपघात त्या पत्र्यामुळेच झाला, हे तुम्हाला नक्की ठाऊक होतं, बाबा?"

"नक्की नाही. बघायला जायची हिंमत झाली नाही."

नदीकाठचं मोठं गॅरेज त्यांनी आठ वर्षांपूर्वी एकाएकी का बंद केलं, इथे गल्लीत येऊन साध्या दुरुस्त्या का धरल्या, ते मला त्या दुपारी कळलं.

मी सांगायला हवं होतं. त्याच दिवशी, त्याच्या दुकानात जाऊन. पण केबल मी फडक्यात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. सांगितलं तर बाबांचं काय होईल? आणि तो? तो माझ्याकडे पुन्हा कधी तसं बघेल का? आणि नाही सांगितलं तर तिकडे एक माणूस रोज स्वतःलाच दोषी ठरवत जगतोय... मी दोन महिने गप्प राहिले. दोन महिने!

त्या दोन महिन्यांत मी जे काही त्या गाडीत बदललं, ते भीतीने बदललं. लवकर हवा पकडणारा लहान, नवा टर्बो बसवला. पत्रा दुहेरी केला. केबल पार दुसऱ्या बाजूने फिरवली. अ‍ॅक्सिलरेटर मागे ओढणारी स्प्रिंग एकाऐवजी दोन लावल्या. ब्रेक मोठे घेतले.

"एवढे मोठे ब्रेक?" त्याने विचारलं. "विमान थांबवायचंय?"

मी हसले नाही. रविवारी त्याची पावलं वाजली की आधी आनंद व्हायचा आणि त्याच्या मागोमाग धसका. माझ्या तोंडून काही निघून गेलं तर?

"तू माझ्याशी हल्ली कमी बोलतेस," तो एकदा म्हणाला.

"काम जास्त आहे."

"मी काही चूक केली का?"

"तू नाही," मी म्हटलं, आणि जीभ चावली.

गाडी उभी राहिली. पुन्हा निळी झाली. एका दुपारी आम्ही दोघं तिला डोंगराच्या रस्त्यावर घेऊन गेलो. मी चालवत होते. चढावर पाय दाबला, टर्बोची बारीक शीळ वाजली आणि गाडीने आम्हाला असं पुढे फेकलं की तो खदाखदा हसायला लागला. मी मात्र प्रत्येक वळणाआधी श्वास रोखत होते.

"ऐक," तो अचानक म्हणाला, "मला तू आवडतेस. गाडीसाठी नव्हे. म्हणजे गाडीसाठीही... पण गाडी नसती तरी."

मी कडेला घेऊन गाडी थांबवली.

"काय झालं?"

"काहीतरी वाजतंय."

"मीच असेन. मघापासून."

मला हसू आलं आणि डोळे भरून आले. त्याने माझ्या गालावरचं तेल अंगठ्याने पुसलं... आणखीनच पसरवलं. मला वाटलं, हा क्षण इथेच राहू दे, पुढे काहीच नको.

"शनिवारी दादा गाडी बघायला येणार आहे," तो म्हणाला. "त्याच्या आधी उत्तर दे."

"नाही. तो येऊन जाऊ दे. मग विचार."

"तोवर उत्तर बदलणार आहे का?"

"प्रश्न बदलेल," मी म्हटलं. त्याला ते कळलं नाही.

शनिवारी सकाळी बाबांना मी वरच थांबायला सांगितलं. दादा काठी टेकत आला. चाळिशीचाच, पण केस पार पांढरे. त्याने गाडीच्या टपावरून हात फिरवला. धाकट्याने दार उघडून धरलं, तसा दादा दोन पावलं मागे सरला.

"नको," तो म्हणाला. "माझ्या पायाचा भरवसा नाही. मीच दाबला असणार रे. मीच."

मी कपाट उघडलं. फडकं सोडलं.

"दादा, ही तुमच्या गाडीची केबल. ओढून बघा."

त्याने ओढली. ती अर्धी आली आणि अडकली. त्याने सोडली. ती तशीच राहिली. पुन्हा ओढली, पुन्हा सोडली. कितीतरी वेळ तो तेच करत राहिला.

"पाय काढला होता मी?" त्याने मला विचारलं, लहान मुलाने विचारावं तसं.

"काढला होता. केबल वितळली होती. पत्रा बसवायचा राहिला होता. काम... माझ्या बाबांनी केलं होतं."

चष्मेवाला माझ्याकडे बघत होता. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"दोन महिने."

जिन्यावर पावलं वाजली. बाबा खाली आले आणि दादासमोर उभे राहिले. "मीच केलं. पोलिसांकडे जायचं असेल तर मी येतो. चप्पल घालूनच आलोय."

दादा त्यांना ओळखत होता. केबल मुठीत धरून तो काठी टेकत निघाला, आणि त्याला सावरत त्याचा भाऊ. माझ्याकडे त्याने एकदाही वळून पाहिलं नाही.

रविवार गेला, पुढचाही गेला. गाडी गॅरेजमध्ये तशीच उभी होती. फोन वाजला की मी दचकायचे, नाही वाजला की जास्त. बाबा जेवत नव्हते. दारात कोणी थांबलं की पोलीसच वाटायचे. मी चष्म्याच्या दुकानापर्यंत दोनदा गेले, आणि दोनदा रस्ता न ओलांडताच परत आले.

बाराव्या दिवशी संध्याकाळी तो आला. दाढी वाढलेली. तो आत आला नाही, दारातच उभा राहिला.

"दादा बोलतोय," तो म्हणाला. "आठ वर्षांत बोलला नसेल तेवढं. आईबद्दल, त्या दिवसाबद्दल. तुझ्या बाबांना त्याने माफ केलेलं नाही. करेल असंही वाटत नाही. पण पोलिसांकडे जाणार नाही म्हणाला. त्यांनी खाली येऊन सांगितलं, ते त्याच्या डोक्यातून जात नाहीये."

"आणि तू?"

"मी रागावलोय. केबलसाठी नाही, त्या दोन महिन्यांसाठी. दर रविवारी मी तुझ्यासमोर बसून दादाबद्दल सांगत होतो, आणि केबल तुझ्या पाठीमागच्या कपाटात होती."

"मला भीती वाटत होती."

"कशाची?"

"तू असा दारात उभा राहशील, आत येणार नाहीस, याची."

त्याने दाराच्या चौकटीवर हात टेकला. मग म्हणाला, "आज दादाने विचारलं, ती मुलगी तुझी कोण? मी म्हटलं, मेकॅनिक. तो म्हणाला, मेकॅनिकच्या नावाने कोणी बारा दिवस ताट पुढ्यात घेऊन नुसतं बसत नाही."

मला रडू फुटलं. हसूही.

"तू बाबांकडे बघू शकशील?" मी विचारलं. "जन्मभर? सणासमारंभाला, जेवायला बसताना, रोज?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "खरंच माहीत नाही. आज बघून घेतो. उद्याचं उद्या."

त्याने उंबरठा ओलांडला, माझ्याजवळ आला आणि विचारलं, "त्या दिवशीचा प्रश्न अजून तोच आहे माझा. तुझं उत्तर?"

"हो," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की त्याला खाली वाकून पुन्हा ऐकावं लागलं. "हो."

त्याने माझा हात धरला. त्याचा हात गार होता, माझाही. वर बाबांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आम्ही दोघांनीही जिन्याकडे पाहिलं, आणि मग तो माझ्या आधी पायऱ्या चढू लागला.