सुई उचलणारा हात

वहिनीचा फोन आला तेव्हा धाकटा एका बंद पडलेल्या लिफ्टचं पॅनेल उघडून बसला होता. लिफ्टदुरुस्ती हा त्याचा धंदा.

"ह्यांच्या रेकॉर्डी तेवढ्या घेऊन जा," वहिनी म्हणाली. "मला त्यातलं काही कळत नाही, आणि ते कपाट बघवतही नाही."

दादा जाऊन महिना उलटला होता. धाकट्याच्या डोळ्यांतून अजून टिपूस आलं नव्हतं. आत होता तो नुसता राग.

दोघा भावांना जॅझचं वेड लागलं ते एकाच घरात, एकाच रेडिओसमोर. पण आवडी दोन टोकांच्या. दादाचं चष्म्याचं दुकान होतं, आणि त्याला संगीतही घासूनपुसून लख्ख लागायचं. जुन्या नाचघरांतले बँड, गोड क्लॅरिनेट, शेवटी सगळे कसे एकदम थांबलेले. धाकट्याला हवा असायचा फाटक्या आवाजाचा सॅक्सोफोन, जो कुठे निघालाय ते वाजवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

"तुझं संगीत म्हणजे जिन्यावरून भांडी गडगडत आल्यासारखं," दादा म्हणायचा.

"आणि तुझं लिफ्टमध्ये लावतात तसलं," धाकटा म्हणायचा, आणि ते बोलायचा त्याला हक्कच होता.

ही चेष्टा विझली दादाच्या पन्नाशीला. धाकट्याने आपल्या सगळ्यांत लाडक्या रेकॉर्डची कोरी प्रत त्या दिवशी सकाळीच भावाला दिली. कुठल्याशा तळघरात, मूठभर लोकांसमोर वाजवलेली. मध्येच पेल्यांचा किणकिणाट, कुणाचा खोकला. संध्याकाळी पाहुण्यांसमोर त्यानेच ती लावली. सॅक्सोफोन चढत चढत गेला, ऐन रंगात आला, आणि दादाने उठून सुई उचलली.

"पुरे," तो म्हणाला. पाहुणे हसले. धाकट्याचं तोंड लाल झालं. तो बूट घालून निघाला तो पुन्हा त्या घराची पायरी चढला नाही. दादाचे फोन येत राहिले. त्याने एकही घेतला नाही.

आज दुपारी वहिनीने दार उघडलं, कपाट दाखवलं, आणि ती औषधं आणायला खाली गेली.

खोली बंद राहून कोंदटली होती. पडदा ओढलेला. धाकट्याने कपाट उपसलं. क्लॅरिनेटवाले, नाचघरवाले, सगळे ओळीने. त्याची रेकॉर्ड मात्र त्यांत नव्हती. ती प्लेअरवरच होती.

त्याने ती उचलून उजेडात धरली. बाहेरचा अर्धा भाग घासून घासून राखाडी पडला होता. आतला अर्धा काळाभोर, कोरा.

म्हणजे दादा ऐकत होता. रोज ऐकत असणार. चार लोकांत माझी शोभा केली, आणि दार लावून एकटा ऐकत बसला. धाकट्याच्या कानशिलांत रक्त ठणकायला लागलं.

त्याने रेकॉर्ड लावली आणि आवाज मोठा केला. सॅक्सोफोन खरखरत चढू लागला. चढला, ऐन रंगात आला, आणि सुई उचलली गेली.

आपोआप.

खोली एकदम गप्प झाली. धाकट्याने वाकून पाहिलं. यंत्रं हाताळण्यात त्याचा जन्म गेला होता. हा प्लेअर साधा, जुना. सुईचा दांडा हातानेच उचलायचा, हातानेच ठेवायचा. त्याने सुई पुन्हा ठेवली. त्याच जागी ती पुन्हा उचलली गेली… सावकाश, सवयीच्या हाताने उचलावी तशी.

त्याला भीती वाटायला हवी होती. पण राग एवढा होता की भीतीला जागाच उरली नाही.

"मेलास तरी तुझंच खरं का?" तो रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाला. "आज नाही उचलायचीस. आज शेवटपर्यंत ऐकायचं."

त्याने सुई ठेवली आणि ती जागा जवळ येताच दांड्यावर बोट दाबून धरलं. खालून काहीतरी वर रेटत होतं. ताकद फार नव्हती, पण ते थरथरत होतं… गयावया करणाऱ्या माणसाचा हात थरथरतो तसं. धाकट्याने दात आवळून बोट आणखी दाबलं. सुई राखाडी भाग ओलांडून काळ्याभोर भागात शिरली, आणि खालचा रेटा एकाएकी नाहीसा झाला.

सॅक्सोफोन वाजत राहिला. मागे पेले किणकिणले. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली.

"बुटक्या…"

हे त्याचं घरातलं नाव. दादापेक्षा वीतभर उंच झाला तरी दादा आणि वहिनी त्याला बुटक्याच म्हणत. वहिनी आली असेल, हातात ओझं असेल, असं त्याला वाटलं.

"ओ… आलो," म्हणत त्याने जाऊन दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. जिन्यात पावलं वाजत होती, पण खाली उतरणारी.

तो आत आला, प्लेअर बंद केला आणि कपाटापाशी उभा राहिला. थोड्या वेळाने वहिनी आली. पिशवी हातातच धरून ती उंबऱ्यात थबकली आणि त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

"दादा माझी रेकॉर्ड ऐकायचा," तो चिडून म्हणाला. "आणि मला कधी सांगितलं नाही."

"किती फोन केले तुला त्यांनी," वहिनीही आज रागातच बोलली. "तुझी आठवण आली की लावायचे. अर्ध्यावर उचलायचे."

"का पण? एवढं काय वाईट होतं पुढे?"

"तू दिलीस त्या दुपारीच त्यांनी एकट्याने पूर्ण ऐकली होती. पुढे कुणीतरी हाक मारतं म्हणायचे. संध्याकाळी पाहुण्यांत तू समोर बसला होतास, म्हणून घाईने उठले. मी विचारलं, तुम्हाला हाक मारतं का? तर म्हणाले, मला नाही. त्याला." तिचा आवाज खाली आला. "तू… पुढची नाही ना ऐकलीस? ओ नाही ना दिलीस?"

"नाही," तो म्हणाला.

वहिनीने पिशवी खाली ठेवली. वळून तिने एकदा रिकाम्या जिन्याकडे पाहिलं.

"मग आत्ता तू मला जिन्यात भेटलास," ती हळूच म्हणाली, "तेव्हा एवढा हसत कुठे निघाला होतास?"